चार नंबरच्या टाकीतल्या मुठी

३ मार्च, सोमवार

आज नव्या खाद्याची पोती आली. एक पोतं उघडून वास घेतला. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटलं. मासळीचा मागमूस नाही. धाकटीला विचारलं, "हे माशांचं खाद्य आहे की गुरांचं?"

"सोयापेंड, वाटाण्याचं पीठ आणि मका, बाबा. मासळीची भुकटी शून्य."

शून्य हा शब्द तिने असा उच्चारला, जणू शंभरपैकी शंभर मिळाले आहेत.

हे लिहून ठेवतो. उद्या कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने आधी सांगितलं नाही. आमचा मासा जातीचा शिकारी आहे. एकतीस वर्षं मी त्याला हाताने खाऊ घातलं आहे. वाघापुढे गवत टाकलं तर भुकेपोटी खाईलही, पण पचवणार कोण?

धाकटी म्हणते, तोच तर माझा प्रश्न आहे. पचवायला माशाच्या आतड्यातले जंतू मदत करतात. खाद्य बदललं की जंतूंची वस्तीही बदलते. कोण राहतं, कोण जातं, नवीन कोण येतं, हे तिला बारा आठवडे बघायचं आहे. एक, दोन, तीन या टाक्यांना जुनं मासळीचं खाद्य. चार, पाच, सहाला नवं. यावर तिची डॉक्टरकी. औषधं देणारी नव्हे, पुस्तकातली. तीन वर्षं ती या दिवसासाठी खपली आहे. मालकांनी शेड मे अखेरपर्यंत दिली आहे, पुढे एक दिवसही नाही.

आणि खाद्य टाकायला माणूस कोण, तर मी. सातवी नापास. पोरीने सगळी शिदोरी माझ्या हातात दिली आहे. रात्री जेवण गेलं नाही.

५ मार्च, बुधवार

एकतीस वर्षं डोळ्यांनी अंदाज घेऊन खाद्य टाकलं. आता काट्यावर तोलायचं, टाकायचं आणि टाकीवर टांगलेल्या कागदावर लिहायचं. मग चष्मेवाला येऊन तळाशी उरलेल्या गोळ्या नळीने ओढून घेतो आणि एकेक मोजतो. हा इथल्या प्रयोगशाळेतला हंगामी माणूस. चष्मा इतका जाड की डोळे टाकीतल्या माशांसारखेच दिसतात. स्वभावाने गरीब. मला काका म्हणतो.

"काका, चारमध्ये एकशे नव्वद गोळ्या उरल्या."

"मोजतोस कशाला? सरळ म्हण, खाल्लंच नाही."

"तसं लिहायला रकाना नाही ना, काका."

मासे गोळी तोंडात घेतात आणि थुंकून टाकतात. लहान मुलं औषध थुंकतात तशी.

९ मार्च, रविवार

चार नंबरमध्ये एक मासा आहे, शेपटी एका बाजूला वाकलेली. मी त्याला वाकडशेपट्या म्हणतो. बोटाएवढा असल्यापासूनची ओळख. आज तो तळाशी पडून होता. मागे पांढरा दोरा लोंबत होता. ही माशाची विष्ठा. निरोगी माशाची अशी नसते. पाच आणि सहामध्येही तेच.

धाकटीला दाखवलं. तिने फोटो काढला. म्हणाली, "आतड्याला सूज येत असणार. अपेक्षित आहे."

अपेक्षित! घराला आग लागली तर म्हणणार, अपेक्षित आहे.

"थांबा बाबा. वस्ती बदलायला तीन-चार आठवडे लागतात. मग बसते घडी."

तीन-चार आठवडे अर्धपोटी ठेवल्यावर माणसाचीही घडी बसते. कायमची.

१२ मार्च, बुधवार

ही म्हणाली, "मासे जेवले का ते विचारूनच घास घेणार असाल, तर तुमचं ताट टाकीतच मांडते."

बायकोला चेष्टा सुचते. मला सातवीचा निकाल आठवतो. यादीत नाव नव्हतं. बापाने एक शब्द काढला नाही, दुसऱ्या दिवशी कामाला सोबत घेऊन गेला. तो शब्द काढला नाही तेच आजपर्यंत डाचतंय. धाकटीच्या वाट्याला ते नको.

१४ मार्च, शुक्रवार

पाचमध्ये एक मेला. धाकटीने शांतपणे वजन केलं, लांबी मोजली, कागदावर लिहिलं. मग दुपारी तिचा डबा बघितला. उघडलासुद्धा नव्हता. मला म्हणते अपेक्षित आहे, आणि स्वतः उपाशी राहते. तिच्या सरांचा फोन आला होता. टाकीत दहाच्या वर मासे मेले तर ती टाकी बाद, असं काहीसं बोलणं चाललं होतं.

टाक्या बाद म्हणजे पोरगी बाद.

१५ मार्च, शनिवार

केलं. लिहून ठेवतो, कारण माझ्या पहिल्या मुकादमाने सांगितलं होतं की टाकीत जे पडलं ते वहीत पडलंच पाहिजे. तिच्या कागदावर लिहिता येणार नाही. म्हणून या वहीत.

बाराला सगळे जेवायला जातात. शेडमध्ये कॅमेरा आहे, पण चार नंबरची टाकी दाराजवळच्या, हवेच्या यंत्राच्या कपाटाआड येते. पाच-सहावर कॅमेऱ्याची सरळ नजर. जमलं असतं तर तिन्ही टाक्यांना दिलं असतं. चारलाच देता आलं.

चार: एक मूठ, जुनं खाद्य.

पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं. एक गोळी तळाला गेली नाही. वाकडशेपट्या सगळ्यांना ढकलून वर आला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

१७ ते २२ मार्च

सोम, चार: दोन मुठी. मंगळ, दोन. बुध, दोन. गुरुवारी मालक जेवायच्या वेळी शेडमध्ये हिंडत होते, जमलं नाही. शुक्र, दोन. शनि, दोन.

२४ मार्च, सोमवार

चार: दोन मुठी.

धाकटी सकाळी टाकीपाशी उभी राहून मला हाक मारत होती. "बाबा, चारकडे बघा! काय तरतरी आलीय! पाच-सहा अजून मरगळलेत, पण चारने पकड घेतली." गाल लाल झाले होते तिचे. लहानपणी शर्यत जिंकून यायची तशी दिसली.

मी म्हटलं, "आहेच मुळी ती टाकी गुणाची."

चष्मेवाला मात्र कागदात डोकं घालून बसला होता. "काका, एक कळत नाही. चारमधले दुपारच्या गोळ्या जास्तच टाकतात. मग फुगतात कशावर?"

"हवा खात असतील."

तो हसला नाही. तेही लिहून घेतो की काय, अशी भीती वाटली.

घरी हिने सदरा धुवायला घेताना खिसा उलटा करून झटकला. तपकिरी भुगा पडला. ही काही बोलली नाही. कामाच्या कपड्यांना असायचाच, असं समजली असणार.

३१ मार्च, सोमवार

मंगळ-बुध दोन-दोन मुठी दिल्या होत्या. गुरुवारपासून बंद, कारण आज मासे कापायचे होते आणि पोटात जुन्या गोळ्या सापडल्या असत्या. पाच दिवस नुसतं नवं. चारमधले पुन्हा तोंड वाकडं करायला लागले. मला बघितलं की दाराच्या बाजूला गोळा होतात आणि मी हात हलवत परत येतो. 

प्रत्येक टाकीतून तीन मासे. आधी औषधाच्या पाण्यात झोपवले. मग धाकटीने कापले, चष्मेवाल्याने चिठ्ठ्या लिहून नळ्यांवर डकवल्या. आतड्यातला चिखल नळीत, नळी बर्फात. उद्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार.

मी विचारलं, "या चिखलात काय दिसणार?"

"हजारो जातींचे जंतू असतात बाबा. मासळी खाणाऱ्याकडे एक बिऱ्हाड, सोया खाणाऱ्याकडे दुसरं. सोयावाल्याकडे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद वाढतात म्हणतात. बघायचं."

एवढ्याशा पोटात एवढी गर्दी. माझ्या पोटात काय असेल कोण जाणे. मला तर महिनाभर काळजीशिवाय काही पचलेलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

चार: तीन मुठी. २ तारखेपासून रोज तीन.

पाच आणि सहा खायला लागले. सरळ, न थुंकता. पांढरे दोरे दिसेनासे झाले. नशीब म्हणायचं. आंधळ्याने दगड मारला आणि लागला.

चारचं मात्र बिनसलंय. मी तीन मुठी घालतोय तरी! एक दिवस उड्या, दुसऱ्या दिवशी तळाशी. बहुधा टाकीतच दोष. पाण्यात बुडबुडे सोडणारा हवेचा दगड बदलला, नळ धुतला, कडा घासल्या. संताप येतो. ज्यांना काही दिलं नाही ते टुणटुणीत आणि ज्यांच्यासाठी मी चोर झालो ते असे.

११ एप्रिल, शुक्रवार

मंगळ, बुध, गुरु: तीन-तीन. आज शून्य, कारण ऐन वेळी खिशात हात गेला नाही. खिसा वरून शिवलेला! कुठे तरी उसवला असेल म्हणून हिने टाके घातले, तर तोंडच बंद करून टाकलं. पासष्टीनंतर बायकांनी सुई हातात धरू नये. घरी येऊन दुसरा सदरा काढला, त्याचाही खिसा तसाच. हिला म्हटलं, "अगं, डोळे तपासून घे. खिसे शिवलेस."

ही म्हणाली, "दिसतंय मला. चांगलं दिसतंय."

१६ एप्रिल, बुधवार

शनिवारपासून रोज तीन. डब्याच्या वरच्या कप्प्यातून नेतो. डब्याला आता मासळीचा वास लागला आहे आणि जेवण घशाखाली उतरत नाही. ते एक असोच.

चारमध्ये आतापर्यंत चार मेले. पाचमध्ये दोन, सहामध्ये एक. धाकटी चारपुढे उभी राहून नखं खाते. पूर्वी गणित सुटलं नाही की खायची.

"एकच खाद्य, एकच पाणी, एकाच दिवशी भरलेल्या टाक्या. मग ही अशी का वागते, बाबा?"

मी म्हटलं, "पाचही बोटं सारखी नसतात."

"टाक्यांची असायला हवीत. तेच तर गृहीत धरलंय."

१७, १८, १९ एप्रिल

ताप. घरी. टाकीत काही नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

रवि, सोम, मंगळ: चार-चार मुठी. आजारपणात राहिलेलं भरून काढावं म्हणून.

दुपारी तीन वाजता वाकडशेपट्या वर तरंगत होता. मीच जाळीने काढला. धाकटीने कापला. आतडं लालभडक, सुजून जाड झालेलं. आत जुन्या-नव्या गोळ्यांचा एकात एक लगदा. तिने तो बराच वेळ चिमट्याने चिवडला.  ती म्हणाली, "किती काळपट आहे," आणि नळीत भरला.

माझ्या मुठी कमी पडल्या की काय? पण मग पाच-सहाला कोण मुठी देतं? डोकं चालत नाही. आजपासून काही टाकणार नाही. हात उठत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

शहरातून निकाल आला. कागदावर रंगीत पट्ट्या, प्रत्येक मासा एक पट्टी, प्रत्येक रंग जंतूंचं एक कुळ. एक-दोन-तीनच्या पट्ट्या निळसर. पाच-सहाच्या पिवळ्या. चारच्या धड निळ्या नाहीत, धड पिवळ्या नाहीत. एकीत निळा जास्त, दुसरीत पिवळा, तिसरी गढूळ. ना घर का ना घाट का.

धाकटीने तो कागद चष्मेवाल्यापुढे आपटला. "हे बघा. चिठ्ठ्या बदलल्यात तुम्ही. दुसऱ्याच टाकीच्या नळ्यांना चारच्या चिठ्ठ्या डकवल्यात."

"ताई, मी तीनदा तपासल्या. सहीसकट."

"मग चारच्या माशांनी मासळीचं खाद्य कुठून खाल्लं? आभाळातून पडलं?"

मी चार पावलांवर उभा होतो. हातात झाडू.

"ताई, चुकतो माणूस, पण ही चूक माझी नाही."

"सर म्हणतात, चिठ्ठ्यांवर भरवसा नसेल तर सगळंच टाकून द्या. सगळं! तीन वर्षं! उद्यापासून नळ्यांना हात लावू नका. मालकांना सांगते मी."

त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. चष्म्याशिवाय तो अगदी लहान दिसतो. जाताना मला म्हणाला, "येतो काका." मी म्हटलं, "ये." एवढंच म्हटलं. ये!

२६ एप्रिल, शनिवार

सांगितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

सांगायला गेलो. ती फोनवर सरांशी बोलत होती. परत आलो.

२८ एप्रिल, सोमवार

मी तर तिच्या भल्यासाठी केलं. हे वाक्य दहा वेळा मनात घोकलं. दहाव्या वेळी मलाच पटेना. भलं करणाऱ्याला कपाटाआड उभं राहावं लागत नाही.

चष्मेवाल्याची खुर्ची रिकामी. उरलेल्या गोळ्या आज मी मोजल्या. एकशे चौदापर्यंत आलो आणि चुकलो. पुन्हा मोजल्या, पुन्हा चुकलो. तो दीड महिना रोज दोनदा मोजत होता, एकदाही चुकला नाही. असा माणूस चिठ्ठी चुकीची लावेल का? हे धाकटीला कळत नाही, कारण तिला माझ्यावर संशयच येत नाही. बापावर कोण घेणार?

२९ एप्रिल, मंगळवार

मी ताटावरून उठलो तेव्हा ही म्हणाली, "बसा."

बसलो.

"एक खिसा शिवला, तुम्हाला कळलं नाही. दुसरा शिवला, तरी नाही. मग डबा दोन-दोन वेळा राखेने घासत बसले. आता तुमचं तोंडही मीच उघडायचं का?"

 हिला मार्चपासून माहीत होतं!

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माणूस एकतीस वर्षं माशांबरोबर आहे, कधीतरी आपणहून पाण्याबाहेर येईल. त्या बिचाऱ्याचं काम गेलं, अहो. आणि आपली पोरगी उगाच कुणाचं काम घालवणारी ठरली. ते तिला कोणत्या परीक्षेत भरून काढता येणार आहे?"

 उद्या ही वही धाकटीला देतो. तोंडाने जमणार नाही. माझ्या अक्षराला ती लहानपणापासून हसते, पण वाचता येतं तिला.

९ मे, शुक्रवार

नऊ दिवस वही तिच्याकडे होती. आज परत मिळाली. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा आहेत. झालं ते क्रमाने लिहितो.

३० तारखेला सकाळी वही दिली आणि शेडबाहेर जाऊन उभा राहिलो. हवेच्या यंत्राची घरघर चालू होती, आतलं काही ऐकू येत नव्हतं. पाऊण तासाने ती बाहेर आली. रडलेली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, बाबा."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो! नाहीच म्हणाले असते! म्हणून विचारायचं असतं!"

मग ओरडली. बरंच. मी झाडू धरून ऐकत होतो. तीन वर्षं, सर, मालक, शेड, सगळं निघालं. एक वाक्य तेवढं आतवर गेलं. "पाच आणि सहा आजारी पडले आणि सावरले, बाबा. माझं ऐकलं असतंत तर चारही सावरली असती. तिथे नवी वस्ती बसायला लागली की तुम्ही मूठभर जुनं टाकून ती उठवायचात. मग चार दिवस बंद. मग पुन्हा मूठ. रोज घर बदलायला लावलंत त्या आतड्यांना." मग म्हणाली, "असं मला वाटतं. एका टाकीवरून सिद्ध काहीच होत नाही."

म्हणजे वाकडशेपट्या माझ्या हाताने गेला. सिद्ध होवो न होवो.

"मला कळायला हवं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "बारा वाजत आले की चारमधले दाराकडे का जातात, हे मी टिपून ठेवलंय. वहीत आहे माझ्या. आणि मी चिठ्ठ्या तपासत बसले."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं चष्मेवाल्याच्या खोलीवर गेलो. तो पायजम्यात होता, आम्हाला बघून आधी चष्मा शोधायला धावला. धाकटी उंबऱ्यातूनच म्हणाली, "चूक माझी होती. चिठ्ठ्या बरोबर होत्या." पुढचं मी सांगितलं, तोंडाने, पहिल्यांदाच. तो ऐकून मटकन खाटेवर बसला.

"म्हणजे हवा नव्हते खात!"

"नाही रे बाबा."

"काका, पाच दिवस मी त्या नळ्यांची यादी पाठ म्हणतोय. मला वाटलं आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय." मग म्हणाला, "चहा ठेवू का?" आणि ठेवलाच. धाकटीने दोन कप प्यायले, बिनसाखरेचे. त्याच्याकडे साखर संपली होती, तिने मागितली नाही.

सोमवारी तो कामावर आला. मालकांकडे धाकटी स्वतः गेली होती.

मग मुठीचा प्रकार. तिच्या सरांनी विचारलं की म्हाताऱ्याने नेमकं किती टाकलं? वहीत मुठी होत्या, ग्रॅम नव्हते. म्हणून मंगळवारी शेडमध्ये काटा मांडला, जुन्या खाद्याचं पोतं ठेवलं आणि मला म्हणाली, "घ्या मूठ. कपाटाआड घ्यायचात तश्शीच. जास्त नको, कमी नको."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती चारचौघांत काट्यावर उघडायची म्हणजे काय, ते मला विचारा. पहिली मूठ बावन्न भरली. मी लाज राखायला जरा घट्ट धरली होती. "असं नाही, बाबा." दुसरी पंचेचाळीस. तिसरी अठ्ठेचाळीस. चष्मेवाला आकडा वाचायचा, ती लिहायची, मी गोळ्या पोत्यात परत टाकायचो. वीस वेळा. बोटं भरून आली. कुणी हसलं नाही, हे जास्त जड गेलं.

सरासरी सत्तेचाळीस. मी आयुष्यभर समजत होतो, माझी मूठ साठाची आहे.

एकूण एकाहत्तर मुठी. तीन किलो तीनशे सदतीस ग्रॅम. तिने ते तारखेनुसार कागदावर उतरवलं. वर लिहिलं, "बाबांची मूठ = ४७ ग्रॅम". मग खोडून "एक मूठ" लिहिलं. मग पुन्हा बाबांची केलं.

वही परत देताना म्हणाली, "सातवीचं मला कधी सांगितलं नव्हतंत."

मी म्हटलं, "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

 त्या पानावर मात्र पेन्सिलीची खूण नाही.

१५ मे, गुरुवार

सरांचा निर्णय आला. चार नंबर बाद. उरलेल्या दोन टाक्यांवर डॉक्टरकी मिळत नाही, तीन लागतात. पुन्हा बारा आठवडे.

 मी धाकटीला दिवसभरात चार वेळा पाणी नेऊन दिलं, चारही ग्लास तसेच. पाचव्यांदा म्हणाली, "बाबा, आता पुरे. मी काय टाकीत आहे?"

२० मे, मंगळवार

मालक आले होते. शेड मागायची तर कोणत्या तोंडाने, म्हणून धाकटीने काही मागितलंच नाही. नुसती पाच आणि सहामधल्या माशांची वजनं त्यांच्यापुढे केली, मालकांच्याच हातात जाळी दिली. मासा जाळीत असा तडफडला की मालकांचा सदरा भिजला.

"गवत खाऊन हा जोर?" मालक म्हणाले.

"गवत नाही, सोयापेंड."

"तेच ते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऑगस्टअखेर. आणि काका खाद्याला हात लावणार नाहीत."

"ते मीच सांगणार होते," धाकटी म्हणाली.

एकतीस वर्षं! कुणी एकाने तरी म्हणायचं की बिचाऱ्याला राहू द्या. कुणी नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "बरोबरच आहे."

२६ मे, सोमवार

बारा आठवडे काल संपले. पुढच्या खेपेला तीन टाक्या जास्त मांडणार. त्यांना नवं खाद्य, आणि मधूनच, आठवड्यात ठरलेल्या दिवशी, मोजून सत्तेचाळीस ग्रॅम जुनं. सर कुरकुरत म्हणाले म्हणे, घोटाळा झालाच आहे तर नीट करून बघा. म्हणजे माझीच चोरी, पण काट्यावर आणि उजेडात. टाकणार चष्मेवाला. मूठ माझी, हात त्याचा. मी म्हटलं, तो फार वरून टाकतो, गोळ्या एकाच जागी पडतात. ऐकतंय कोण!

मला खुर्ची दिली आहे आणि कोरा कागद. डोळ्यांना जे दिसेल ते लिहायचं. कोण वर आलं, कोण तळाशी बसलं, दोऱ्याचा रंग काय. धाकटी म्हणते, कॅमेऱ्याला हे दिसत नाही. माझं मन राखायला म्हणते की खरंच, ते कळत नाही. मी विचारलंही नाही.

आज बाराला सगळे जेवायला गेले आणि मी सवयीने कपाटाआड जाऊन उभा राहिलो. चारमध्ये उरलेले मासे सगळेच्या सगळे दाराच्या बाजूला आले. तोंडं वर. दोन्ही हात पाठीमागे धरून मी तसाच उभा राहिलो. पाय दुखायला लागले तरी.

चष्मेवाला डबा घेऊन परत आला. मला बघून थबकला. मग अगदी हळू, लाजतच म्हणाला, "काका, हात दाखवा."

मी दोन्ही तळवे उघडून दाखवले. त्याने चष्मा सारखा करून नीट बघितले आणि मान हलवली. मासे मात्र हलले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले.